कंटेनरच्या आतल्या टोकाला

१

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता फरिदा तांबोळीनं कंटेनरच्या दारावरचा लाल कागद स्वतःच्या हातानं कापला. कागदावर कवटीचं चित्र होतं आणि त्याखाली शनिवारची तारीख, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. दोन्ही दारांच्या मधल्या फटीवर तो आडवा चिकटवलेला होता आणि कुठंही फाटलेला नव्हता. तिनं नेहमीप्रमाणं आधी त्याचा फोटो काढला, मगच पातं चालवलं.

बारामती-इंदापूर रस्त्यालगत कऱ्हाई एक्स्पोर्ट्सचं गोदाम आहे. तिथला माल मुंबईच्या बंदरातून जहाजानं आफ्रिकेत जातो. या चाळीस फुटी कंटेनरमध्ये दार-ए-सलामच्या दुकानांसाठीचा माल भरला होता. स्टीलचे डबे, पोळपाट-लाटणी, अगरबत्ती, पापड, गूळ, अंगाचा साबण, प्लास्टिकच्या बादल्या. लाकडी सामान असलं की किडीचा बंदोबस्त करावा लागतो. त्यासाठी आत विषारी वायू सोडतात आणि दार बंद करून वर हा लाल कागद लावतात. दोन दिवसांनी दार उघडायचं, वारं खेळू द्यायचं, मग सर्व्हेअरनं माल पाहायचा आणि सील ठोकायचं. फरिदा चौदा वर्षं सर्व्हेअर होती. इंदापुरातल्या घरून स्कूटरवर यायची, काम उरकायची आणि दुपारी परत जायची.

दार उघडून सगळे लांब उभे राहिले. तासाभरानं मीटरनं हवा तपासली आणि ती शिडीवर चढली. तऱ्हतऱ्हेचा माल असला की खोकी एका पातळीत बसत नाहीत. छताखाली दीड-दोन हात मोकळी जागा राहिली होती. तिथून तिनं टॉर्चचा झोत आत टाकला.

अगदी आतल्या टोकाला, बादल्यांच्या गठ्ठ्यांवर, माणसाचे दोन तळपाय दिसत होते.

खाली कोण काय बोलत होतं ते तिला नंतर आठवेना. औषध मारणारा मुबीन आतार खोक्यांवरून सरपटत आत गेला, आणि आतून त्याचा घोगरा आवाज आला, रामहरीभाऊ हायेत, आणि ते गार पडलेत.

रामहरी भापकर या गोदामात बावीस वर्षं माल मोजत होता. आत जाणारं प्रत्येक खोकं तो बघायचा, निळ्या खडूनं त्यावर बरोबरची खूण करायचा आणि कागदावर रेघ ओढायचा. त्यानं मोजलेला माल फरिदानं कधी दुसऱ्यांदा मोजला नव्हता.

ती शिडीवरून उतरली. तिनं मोबाईल काढला. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आलेला रामहरीचा निरोप तिनं पुन्हा वाचला. "मॅडम, माल जुळत न्हाय. सोमवारी लवकर या. फोनवर सांगण्यासारकं न्हाय."

त्याखाली तिचं उत्तर होतं. "बरं भाऊ."

चार दहाला बंद झालेल्या, कागद न फाटलेल्या दाराआड मेलेल्या माणसानं साडेपाच वाजता तिला निरोप धाडला होता.

२

पोलिसांना त्यात कोडं वाटलं नाही. फौजदारांचं म्हणणं सरळ होतं. कागद मुबीननं लावला, कागद शाबूत आहे, म्हणजे रामहरी आत असतानाच मुबीननं दार लावलं. रामहरी साडेपाचला जिवंत होता, म्हणजे मुबीन चार दहाची वेळ खोटी सांगतोय. सहाच्या सुमारास घाईघाईत आत न बघता त्यानं काम उरकलं आणि कागदावर मागची वेळ टाकली. दुपारी मुबीनला गाडीत बसवून नेलं. त्याची बायको शबीना गेटबाहेर उभी होती. ती रडत नव्हती, नुसती गाडीच्या मागं बघत राहिली.

फरिदा पंचनाम्याला हजर होती. फौजदार लिहून घेत होते आणि ती बघत होती. रामहरीच्या नाकातोंडावर टॉवेल गच्च बांधलेला होता. तो वाळला होता, पण पाण्यात भिजवून पिळल्यासारख्या त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. उजव्या मुठीत लाल कागदाचा नखाएवढा कपटा होता. अगरबत्तीच्या पुड्याचा असेल म्हणून फौजदारांनी तो पाकिटात टाकला. मोबाईल डोक्याशी पडला होता, बॅटरी संपलेला.

मोरगावहून रामहरीची बायको प्रयागबाई आली. शनिवारी रात्री तो घरी आला नाही, तेव्हा तिला काही वावगं वाटलं नव्हतं. रविवारी कळसला त्याच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, तो परस्पर तिकडं गेला असेल असं तिनं धरलं. बहिणीला वाटलं, कामात अडकला. दोन घरं दोन दिवस एकमेकांच्या भरवशावर बसली होती. प्रयागबाईनं दवाखान्याच्या ओट्यावर फरिदाचा हात धरला आणि एकच विचारलं, बावीस वर्षांत कवा औषधाच्या जवळपास फिरकला न्हाय तो माणूस, मग आत कशाला शिरला?

प्रश्न बरोबर होता हे फरिदाला कळलं. नकळत आत कोंडला गेलेला माणूस नाकाला ओला टॉवेल बांधत नाही. आत वायू आहे हे माहीत असलेला बांधतो.

दुसरी गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तळपाय दाराकडं होते. कोंडलेला माणूस दाराशी येतो, दार बडवतो. रामहरी दाराकडं पाठ करून, छताखालच्या त्या अरुंद जागेतून, सरपटत शेवटपर्यंत गेला होता.

संध्याकाळी मालक दादासाहेब खलाटेंनी तिला आत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता, चहाचा कप तसाच होता. गुरुवारी जहाज सुटतंय, पोलीस उद्या संध्याकाळपर्यंत माल सोडणार आहेत, तुमी अपघात म्हणून अहवाल द्या आणि सील ठोका, असं त्यांचं म्हणणं. फरिदानं आपल्याला मुबीनची चूक पटत नसल्याचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"फरिदाताई, तुमी तुमच्यातल्या माणसाची बाजू घेताय, असं लोक म्हणतील."

"म्हणू द्या," ती म्हणाली. "रामहरीभाऊंचा शेवटचा निरोप मला आलाय, दादासाहेब. उद्या चारपर्यंत मला माल बघू द्या. मग सही करायची का नाही ते सांगते."

३

मंगळवारी सकाळी ती आधी पोलीस ठाण्यात गेली. मुबीन बाकावर बसला होता, रात्रभर डोळा लागला नसावा. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. चार वाजता दारात उभं राहून त्यानं तीनदा हाक मारली, टॉर्च मारला, औषध सोडलं, दार लावून कुलूप घातलं, चार दहाला कागद चिकटवला. चावी ऑफिसात दिली. लगेच निघून इंदापूरला एका धान्याच्या गोदामात गेला आणि तिथं पाचपासून सातपर्यंत काम करत होता.

फरिदानं त्या गोदामाच्या रखवालदाराला तिथूनच फोन लावला. मुबीन पाचच्या आधीच आला होता, सातला गेला, मध्ये त्याच्याबरोबर आपण चहा प्यायलो, असं त्यानं सांगितलं. पोलिसांनी त्याला अजून विचारलंच नव्हतं.

म्हणजे मुबीन खरं बोलत होता. दार चार दहाला बंद झालं होतं आणि रामहरी तेव्हा बाहेर होता. मग तो न फाटलेल्या कागदातून आत कसा गेला?

ती बाकाच्या कडेला बसली. मग तिनं विचारलं, हे कागद सुटे असतात का?

मुबीननं मान हलवली. कागदांचं पुस्तक येतं, प्रत्येकाला नंबर असतो, खाली कार्बनची नक्कल राहते. त्यानं पोलिसांकडं जमा असलेलं पुस्तक दाखवायला सांगितलं. कऱ्हाईच्या कंटेनरची नक्कल होती चारशे अठरा नंबरची.

फरिदानं सोमवारी सकाळी काढलेला फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात बारीक छापलेला नंबर होता चारशे एकोणीस.

ती पुस्तकाकडं बघतच राहिली. चारशे एकोणीसची नक्कल कोरी होती आणि वरचा कागद फाडून नेलेला होता.

"तो मीच फाडून दिला," मुबीन म्हणाला. "दर येळेला एक जादाचा फाडून, मग सही करून देतो, तारीख-येळ कोरी ठिवून. वाऱ्यानं न्हायतर दवानं पयला कागद उचकटला तर दुसरा लावता यावा म्हणून."

"कुणाकडं देतोस?"

"चावीबरोबर ऑफिसात. टेबलावर ठिवतो."

आता तो लाल कपटा कसला होता ते तिला कळलं. पहिला कागद रामहरीनं स्वतः ओरबाडून काढला होता. दार त्यानं उघडलं होतं, आणि तो आत गेल्यावर ते दुसऱ्या कुणीतरी लावून, कुलूप घालून, वर नवा कागद चिकटवला होता. चार दहाची वेळ टाकून.

तिनं फौजदारांना दोन्ही नंबर दाखवले. त्यांनी फोटो पाहिला, नक्कल पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. मग खुर्ची मागं सारून ते उठले.

हा अपघात नव्हता.

४

कऱ्हाईच्या आवारात शनिवारी साडेपाचच्या सुमारास तिघंच असू शकत होते. हमाल साडेचारला गेले होते आणि रखवालदार सातला येत असे. दादासाहेब, कागदपत्रं बघणारी योगिनी, आणि माल भरून घेणारा शिवम कोकरे.

फौजदार दारात थांबले, फरिदानं तिघांना वेगवेगळं विचारलं.

दादासाहेबांनी सांगितलं की ते पुण्याहून पाच पन्नासला पोचले. गेट बंद होतं. हॉर्न दिला, कुणी आलं नाही. शिवमला फोन केला, त्यानं उचलला नाही. शेवटी योगिनीनं येऊन गेट उघडलं. रामहरी दिसला नाही, पण त्याची गाडी शेडमध्ये होती म्हणून तो इकडंतिकडं असेल असं त्यांना वाटलं. सहा वाजता ते निघाले.

योगिनी मूळची मोरगावची, तिशीतली, हुशार. तिला हे काम रामहरीनंच मिळवून दिलं होतं. बोलताना तिचे डोळे भरून येत होते. साडेपाचला रामहरीभाऊ खडू ठेवून बाहेर गेले, पुढं मी त्यांना पाहिलं नाही, असं ती म्हणाली. जादाचा लाल कागद टेबलावर होता, पण आवारातल्या कुणीही तो उचलू शकलं असतं. शिवम सहापर्यंत मागच्या बाजूला काम करत होता.

शिवमला तिनं सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याआधी तिला माल बघायचा होता.

पोलिसांनी खोकी बाहेर काढून ताडपत्रीवर रचली होती. फरिदानं यादी हातात घेतली आणि स्वतः मोजायला सुरुवात केली. डबे जुळले, पापड जुळले, बादल्या जुळल्या. ऊन चढलं. प्रत्येक खोक्यावर निळ्या खडूची बरोबरची खूण होती, तिरपी, शेपूट लांब ओढलेली. रामहरीच्या हाताची.

साबणाच्या थप्पीशी ती थांबली. बारा खोक्यांवर बरोबरची खूण नव्हती, फुली होती.

यादीत साबणाची साठ खोकी होती. ताडपत्रीवर बहात्तर होती. चाळीस नंबरचं खोकं दोनदा होतं. एकेचाळीसचंही. एक्कावन्नपर्यंत प्रत्येक नंबर दोनदा. वरवर बघणाऱ्याला नंबर बरोबर दिसले असते. एक-एक खोकं बघणाऱ्यालाच ते दोनदा दिसणार होते.

फौजदारांसमोर तिनं एक फुलीचं खोकं फोडलं. वर साबणाच्या वड्यांचा एक थर होता. त्याखाली चंदेरी पट्ट्या दाबून भरल्या होत्या, हजारो गोळ्या. फौजदारांनी एक पट्टी उलटून नाव वाचलं आणि त्यांचा आवाज खाली आला. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या होत्या त्या, चोरून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या.

दादासाहेब ताडपत्रीच्या कडेला उभे होते. ते हळूहळू खाली बसले. आपल्या नावाच्या खोक्यांकडं ते अनोळखी वस्तूकडं बघावं तसे बघत होते.

खोक्यांवरच्या नंबरच्या चिठ्ठ्या फक्त ऑफिसातल्या छपाईच्या यंत्रावर निघत. ते यंत्र दोन माणसं वापरत. दादासाहेब आणि योगिनी.

५

शिवम गोदामामागच्या चिंचेखाली बसला होता. पंचविशीचा, अंगानं मजबूत. सोमवारपासून त्यानं धड काही खाल्लं नव्हतं असं हमाल सांगत होते.

फरिदानं त्याला फक्त एक विचारलं. शनिवारी तू सहापर्यंत इथंच होतास ना?

तो गोंधळला. सव्वापाचलाच गेलो, असं म्हणाला. बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. योगिनीमॅडमला विचारलं तर त्या म्हणाल्या, जा, पण मागच्या गेटनं जा, रामहरीभाऊंना दिसलास तर ते उगं थांबवून घेतील. म्हणून कुणाला न सांगता मागच्या गेटनं गेला. कुणाला कळू नये म्हणून त्यानंही ही गोष्ट आजवर बोलून दाखवली नव्हती.

"तुझा मोबाईल दे."

शनिवारच्या न उचललेल्या फोनांत दोन नावं होती. पाच अडतीसला रामहरी. पाच पन्नासला दादासाहेब.

"भाऊंचा फोन का नाही घेतलास?"

"गाडीवर हुतो. नंतर बघितला. वाटलं, लवकर पळालो म्हणून शिव्या द्यायच्या असतील." त्यानं डोकं खाली घातलं. "सोमवारी ऐकून घीन म्हटलं."

फरिदाही चिंचेच्या बुंध्याशी बसली. सोमवारपासून जे तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, ते सगळं एकदम जागेवर बसलं होतं.

आत विष आहे हे माहीत असताना रामहरीसारखा जपून वागणारा माणूस कशासाठी आत जाईल? फुलीची खोकी बघायला जाणार नाही. ती त्यानं आधीच बघितली होती आणि सोमवारपर्यंत थांबायचंही ठरवलं होतं. ओला टॉवेल बांधून, कागद ओरबाडून, अगदी आतल्या टोकापर्यंत तो एकाच कारणानं जाईल. आत कुणी माणूस अडकलंय असं त्याला सांगितलं असेल तर.

कोण अडकलंय? आत जाण्याआधी त्यानं एकच फोन केला होता. शिवमला. तो बाहेर आहे का, एवढं बघायला. फोन उचलला गेला नाही आणि त्याची खात्री झाली.

हे सांगणाऱ्याला माहीत असायला हवं होतं की शिवम आवारात सापडणार नाही. दादासाहेबांना ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर बारा मिनिटांनी गेट उघडायला त्यांनी शिवमलाच फोन केला नसता. शिवम मागच्या गेटनं गेलाय हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याच माणसानं आज सकाळी सांगितलं होतं की तो सहापर्यंत इथं होता.

"काय झालं, मॅडम?" शिवमनं विचारलं.

तिला ते त्याला लगेच सांगवेना.

६

ऑफिसात पंखा फिरत होता. योगिनी टेबलाशी बसून बंदराला पाठवायचे कागद लावत होती. फरिदा समोरच्या खुर्चीत बसली, फौजदार आणि एक महिला शिपाई दाराशी थांबले. फरिदानं आवाज चढवला नाही. चारशे अठरा आणि चारशे एकोणीसपासून शिवमच्या फोनपर्यंत तिनं एकेक गोष्ट सांगितली. योगिनीचे हात कागदांवर तसेच राहिले.

"त्यांना काय सांगितलंस तू?" फरिदानं शेवटी विचारलं.

योगिनीनं कागदांवरून हात उचलले.

"शिवम आतल्या टोकाला दोरी बांधायला गेला होता, तो परत आलाच नाही," योगिनी म्हणाली. "मुबीननं न बघता दार लावलं, असं म्हटलं मी. त्यांनी चावी घेतली. टॉवेल भिजवला. मला म्हणाले, तू लांब थांब पोरी, वास घेऊ नको."

महिला शिपायानं तोंडावर हात ठेवला.

पुढचं तिनं तुटक-तुटक सांगितलं. तिचा भाऊ राजवर्धन दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दार-ए-सलामला गेला. ज्यांनी नेलं त्यांनी त्याचा पासपोर्ट काढून घेतला. मग तिला फोन येऊ लागले. तुझ्या कंपनीच्या मालात आमची खोकी जातील, नाहीतर भावाचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही. साबण पुरवणाऱ्याच्या गाडीतूनच ती खोकी यायची आणि ती जुळे नंबर छापून चिठ्ठ्या लावायची. याआधी चार-पाच खोकी असत, इतर मालात मिसळून जात. या वेळी बारा आली. रामहरीनं ती भरताना पाहिली, फुल्या मारल्या, आणि हमाल गेल्यावर यादी पुन्हा ताडून तो तिच्याकडंच आला. बाई, एका नंबराची दोन खोकी कशी, असं त्यानं तिला विचारलं. तिच्यावर त्याचा संशय नव्हता. तुझ्या यंत्रात बिघाड असंल, पण मॅडमला कळवतो, असं म्हणून त्यानं तिच्यासमोरच फरिदाला निरोप लिहिला.

"त्यांना खरं सांगितलं असतंस तर?" फरिदा म्हणाली.

"ते पोलिसांत गेले असते. माझ्या भल्यासाठीच गेले असते. आणि राजू संपला असता."

"दार लावलंस तेव्हा ते जिवंत होते."

योगिनीनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आवाज येत होता. दार नाही वाजवलं त्यांनी. मोबाईलच्या उजेडात पार आत गेले होते, दार लागलंय हे त्यांना कळलंच नसावं." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "शिवम, शिवम म्हणून हाका मारत होते. चार वेळा. मग थांबल्या."

फौजदारांनी पुढं होऊन खिडकी उघडली. का उघडली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

७

मुबीनला त्याच संध्याकाळी सोडलं. राजवर्धनची माहिती पुढं पाठवली गेली. तो कुठं आहे, आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. कंटेनर जागेवरच राहिला आणि जहाज त्याच्याशिवाय सुटलं. दादासाहेबांनी त्याची चौकशीही केली नाही.

शुक्रवारी सकाळी फरिदा मोरगावला गेली. शिवम तिच्या मागं स्कूटरवर बसला होता. मंगळवारी चिंचेखाली परत जाऊन तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. वाटेत तो एकदा म्हणाला, मी फोन उचलला असता तर.

"आणि मी त्याच संध्याकाळी आले असते तर," फरिदा म्हणाली.

रामहरीचं घर गावाच्या कडेला, ज्वारीच्या रानाला लागून होतं. दारात शेळ्या बांधलेल्या. मुलगी स्वरूपा कॉलेज सोडून आली होती, तिनं सतरंजी टाकली. प्रयागबाई भिंतीला टेकून बसली होती.

फरिदानं तिला सांगितलं. दवाखान्याच्या ओट्यावर तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आले आहे, असं म्हणून सांगितलं. माल बघायला नाही, चुकून नाही, आत एक माणूस अडकलाय असं कळलं म्हणून रामहरीभाऊ आत गेले. कुणी सांगितलं तेही सांगितलं. योगिनीचं नाव ऐकून स्वरूपानं डोळे मिटले. ती योगिनीच्या मांडीवर खेळून मोठी झाली होती.

प्रयागबाईनं विचारलं, "कोण अडकलाय म्हणून गेला?"

शिवम दाराच्या चौकटीशीच उभा राहिला होता. त्याला आत यायचा धीर होत नव्हता.

"मी, मामी," तो म्हणाला.

तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश. शिवमनं नजर खाली केली नाही.

"पर तू आत न्हवतास?"

"न्हाय."

"कुठं हुतास?"

"घरी. बहिणीला बघायला पाव्हणं आलं हुतं."

प्रयागबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आत असतास, तर त्यानं तुला सोडून बाहीर पाऊल टाकलं नसतं. दोघंबी आतच ऱ्हायला असता. ये, आत ये. उन्हात किती येळ उभा राहशील?"